हिंजवडीचा भाचा

साक्रीत ज्या घरातला भाचा हिंजवडीला नोकरीला आहे, त्या घरात कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याची पद्धत उरलेली नाही. थेट भाच्याला फोन लागतो. तो कंपनीत नेमकं काय करतो हे कोणालाच माहीत नसतं. सॉफ्टवेअर तपासत असेल नाहीतर माणसं भरती करत असेल. तिथं कॉम्प्युटर असतात आणि भाचा त्यांच्यासमोर बसतो, एवढं पुरे. आपल्याकडे भाच्याचा मान मोठा. सुट्टीत तो घरी आला की मामा अजून त्याच्या पाया पडतात. पाया पडून झालं की प्रिंटर दाखवतात.

मामांचं सुरत-धुळे रस्त्याला कृषी सेवा केंद्र आहे. कॉम्प्युटर विंडोजचा, तोही होम आवृत्तीचा, कारण विकणाऱ्याने तोच गळ्यात मारला. भाच्याकडे मॅक. सुरुवातीला भाच्याने विंडोजचंच रिमोट डेस्कटॉप लावून पाहिलं. दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर चालवायची मायक्रोसॉफ्टची ही सोय 1998 पासूनची, मॅकवरूनही वापरता येते. पण होम आवृत्ती तिच्यातून दुसऱ्याच्या मशीनवर जाते, दुसऱ्याला मात्र आपल्याकडे येऊ देत नाही. हे ऐकून मामा दुखावले. "आपण लोकांकडे जेवायला जायचं, अन आपल्या दारी आलेल्याला परत लावायचं? हे कोणी ठरवलं?" यावर भाचा काय बोलणार! शिवाय त्यासाठी राउटरवर 3389 क्रमांकाचा पोर्ट सगळ्या जगासाठी उघडा ठेवणं म्हणजे चोरांना पत्ता देणं. शेवटी तो एनीडेस्क या तशाच कामाच्या दुसऱ्या ॲपवर आला.

तेव्हापासून रविवारी जेवणं आटोपली की भाचा म्हणतो, "मामा, आकडा सांगा." एनीडेस्कच्या पडद्यावर जोडणीचा तो आकडा तीन-तीनच्या गटात असतो. मामा आधार कार्डाच्या सवयीने चार-चारने सांगतात. आकडा जुळतो तोवर लाईट जाते. लाईट येते, जोडणी होते, भाचा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरतो आणि चित्र थिजतं.

"मामा, तुमच्याकडे काही आलंय का?"

"आलं व्हतं. बदल करू द्यायचे का म्हणे. मी नही दाबलं."

"का?"

"वळख ना पाळख. हो कसाले म्हणायचं?"

विंडोज ही परवानगी मागताना बाकीचा पडदा बाजूला सारते. एनीडेस्क इन्स्टॉल न करता नुसतंच चालू केलेलं असेल, तर दूर बसलेल्याला तो प्रश्नही दिसत नाही. मग इन्स्टॉल करून टाका? त्यासाठी पुन्हा तोच प्रश्न, आणि उत्तर द्यायला पुन्हा मामाच. मॅकवरचं कमांड बटण विंडोजला नीट कळत नाही, कॉपी करायला जावं तर भलतंच काही उघडतं. तेवढ्यात मामांना राहवत नाही, ते आपल्याकडचा माउस धरतात. एकाच बाणाला साक्री आणि हिंजवडी दोन्हीकडून ओढत असतात.

भाच्याचा लौकिक मग नातेवाइकांत पसरतो. नाशिकच्या मावशीचा मॅक जोडला, तर मागचं वॉलपेपर तेवढं दिसतं, खिडक्या एकही नाही. 2019 च्या कॅटालिनापासून मॅक पडदा दाखवायची परवानगी वेगळी मागतो, माउस हलवायची आणखी वेगळी. दोन्ही परवानग्या मावशीनेच द्यायच्या. पिंपळनेरच्या चुलतभावाने हौसेने उबंटू घेतलंय. तिथं एनीडेस्कने सरळ सांगितलं की तुमचा डिस्प्ले सर्व्हर मला चालत नाही. उबंटूच्या 22.04 आवृत्तीत बहुतेक मशीनवर वेलँड नावाचा डिस्प्ले सर्व्हर आपोआप चालू होतो. लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या चक्रावर टिचकी मारून त्याऐवजी झॉर्ग (Xorg) निवडलं की काम होतं. पण ते चक्र पिंपळनेरला, आणि चुलतभाऊ लग्नाला धुळ्याला गेलेला.

"त्या ब्राह्मणवेलच्या डोंगरावरल्या एवढाल्या पवनचक्क्या लोक ऑफिसात बसून सांभाळतात," मामा ऐकवतात, "अन तुला माझा एक प्रिंटर जमत नही?" भाचा हे मुकाट्याने ऐकतो. पवनचक्की मधेच "नाही" दाबत नाही, हे मामांना सांगण्याइतका तो अजून मोठा झालेला नाही.

पण खरं सांगायचं तर प्रिंटर त्याने दुरुस्त केला. मामीने दिवाळीच्या साफसफाईत प्रिंटरची वायर दुसऱ्या यूएसबीत खोचली होती. विंडोजने त्याच प्रिंटरला नवा समजून "कॉपी 1" नावाने दुसरी नोंद केली, आणि बिलं बिचारी जुन्या नावावर जाऊन पडत राहिली. हे हिंजवडीत बसून ओळखायला डोकं लागतं. तेव्हापासून मामांचा त्याच्यावर एवढा विश्वास बसला की काहीही विचारलं तरी ते न वाचता "हो" दाबतात.

आता भाच्याला त्याचीच धास्ती वाटते. 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कचं नाव घेऊन सावध केलं होतं, कारण चोरही गोड बोलून हाच आकडा मागतात. म्हणून त्याने मामांना नियम घालून दिलाय: आकड्यासाठी मी कधी फोन करणार नाही, तुम्हीच मला करायचा. तुमच्याकडे भाचा असो वा नसो, "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला तो आकडा देऊ नका. देऊन बसलात, तर आधी इंटरनेट बंद करा आणि लगेच 1930 या सायबर मदतक्रमांकाला फोन लावा. भाच्याला नंतर.