बॉयलरवाले नाना

नाना साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पण बॉयलरवरून उतरले नाहीत. सांगलीकडच्या एका सहकारी कारखान्यात त्यांनी बॉयलर अटेंडंट म्हणून उभी हयात काढली. त्यांचं फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट आजही हॉलमध्ये लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, तिच्यापेक्षा मोठ्या चौकटीत टांगलेलं आहे. कारखान्यात हाताखाली फायरमनांची फौज होती, घरी एकट्या माई. निवृत्तीनंतर पहिल्याच सोमवारी नाना स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले आणि त्यांनी शेगडीचा चार्ज घेतला. तो त्यांनी आजतागायत कुणाकडे दिलेला नाही.

गॅस वाचवणाऱ्या माणसांच्या दोन जाती असतात. पहिल्या जातीची माणसं पैसे वाचावेत म्हणून गॅस वाचवतात. ती निरुपद्रवी असतात. सिलिंडर संपत आला की दोन दिवस खिचडीवर काढतात आणि नवा लागला की सगळं विसरतात. दुसऱ्या जातीच्या माणसांना काही वाया गेलेलं बघवतच नाही. पैसा त्यांच्या लेखी दुय्यम असतो, त्यामुळे ती पैशानं आवरत नाहीत. नाना या दुसऱ्या जातीचे. गॅस शेजाऱ्याचा वाया गेला तरी घास यांच्या घशाखाली उतरत नाही.

त्यांचा पहिला वैरी म्हणजे कुकरची शिट्टी. भाताला तीन, वरणाला चार आणि हरभऱ्याला देव देईल तितक्या, हा हिशोब आपल्याकडे आईकडून लेकीकडे येतो. नानांना तो मंजूर नाही. ‘शिट्टी म्हणजे काय ओ? गॅस जाळून वाफ केली आणि खिडकीतनं सोडून दिली. कारखान्यात अशी वाफ सोडली असती तर चीफ इंजिनिअरनं मलाच गव्हाणीत घातलं असतं!’ मग पाठ सुरू होतो. त्यांच्या जुन्या बॉयलरला २१ किलोचं प्रेशर, आपल्या कुकरला जेमतेम एक किलोचं, पण शास्त्र तेच. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास जातं, म्हणून डाळ झटक्यात शिजते. एकदा ते प्रेशर आलं की खाली जाळ कितीही मोठा करा, आतला पारा हलत नाही, फक्त शिट्ट्या वाढतात. तेव्हा पहिली शिट्टी होऊ घातली की गॅस बारीक करायचा आणि पुढचं काम घड्याळावर सोडायचं.

हे सगळं शंभर टक्के खरं आहे. नानांच्या बाबतीत आपली पंचाईत हीच, की ते बरोबर असतात. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला हसून वाटेला लावता येतं. बरोबर बोलणाऱ्याला चहा विचारावा लागतो.

सकाळी दहाच्या सुमाराला नाना गॅलरीत उभे राहतात. आमच्या इमारतीत कुठल्या मजल्यावर किती शिट्ट्या झाल्या हे त्यांना पेपर वाचता वाचता कळतं. ‘तळमजल्यावर सात झाल्या. राजमा असणार. भिजवला नसेल.’ एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते खाली जातात आणि बेल वाजवतात. एकदा माझी बायको वैतागून म्हणाली, ‘नाना, घरच्या कुकरला अजून बॉयलर इन्स्पेक्टर लागत नाही ना?’ नाना दुखावले नाहीत. उलट गंभीर होऊन म्हणाले, ‘नाही. बॉयलरचा कायदा मोठ्या भांड्यांसाठी आहे. कुकर लहान म्हणून सुटतो. ती त्या कायद्यातली पळवाट आहे, सूनबाई.’

सिलिंडर घरी येतो तो दिवस तर बघण्यासारखा. सिलिंडर देणारा पोरगा आमच्या मजल्यावर आला की आधी माझ्याकडे बघून हसतो, मग नानांची बेल वाजवतो. नाना कड्याच्या आतल्या पट्टीवरचं अक्षर वाचतात. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या आणि पुढचा आकडा वर्षाचा. ‘सी २८’ असेल तर २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत टाकी वापरायला हरकत नाही. मग सील बघायचं. मग वजन. पोरानं आणलेल्या काट्यावर टाकी टांगायची, तिच्यावर रंगवलेलं रिकाम्या टाकीचं वजन त्यातून वजा करायचं आणि १४.२ किलो भरतात का ते बघायचं. ‘बरोबर आहे की ओ नाना,’ पोरगा म्हणतो. ‘बरोबर असणारच,’ नाना म्हणतात, ‘पण बघायचं असतं.’ त्या दिवशी वहीचं नवं पान उघडतं. वही म्हणजे त्यांचं लॉगबुक: तारीख, वेळ, पदार्थ, बर्नर मोठा की लहान, मिनिटं आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात मी एकदा ‘पाहुणे. टाळता आले असते’ असं वाचलं आहे.

टाकीत गॅस किती उरला हे बघायची त्यांची रीत मात्र मला मनापासून आवडली. ओलं फडकं घेऊन ते टाकीवरून वरपासून खालपर्यंत एकदा फिरवतात आणि गुडघ्यावर हात ठेवून बघत राहतात. वरचा पत्रा भराभर वाळतो, खालचा बराच वेळ ओला राहतो आणि मध्ये स्वच्छ रेघ उमटते. जिथवर ओल, तिथवर आत पातळ गॅस. तो पत्र्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून पाणी उशिरा सुकतं. त्या रेघेवर नाना खडूनं खूण करतात आणि बाजूला तारीख घालतात. महिनाअखेर टाकी बघावी तर अंगभर तारखा.

दुसरा वैरी म्हणजे उघडं भांडं. इथे नाना थोडे हळवे होतात. पेलाभर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण सातपट उष्णता ते सगळं पाणी आटवायला लागते. त्यामुळे आटवण्याचा प्रत्येक पदार्थ त्यांच्या नजरेत उधळपट्टी. गेल्या दसऱ्याला माईंनी बासुंदीसाठी पातेल्यात दूध ओतलं. नाना स्टुलावरून उठले, आत गेले, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘म्हणजे आज आपण तासभर पाणी जाळणार.’ माईंनी डाव फिरवणं थांबवलं नाही. पुढे पानावर नानांनी वाटी तीनदा पुढे केली. लॉगबुकात मात्र त्या नोंदीखाली लाल रेघ आहे. पुरणपोळीला त्यांची हरकत नसते. डाळ शिजवलेलं पाणी कटाच्या आमटीत जातं, म्हणजे तापवलेलं पाणी फुकट जात नाही. असल्या पदार्थांना ते ‘कंडेन्सेट रिटर्न’वाले पदार्थ म्हणतात.

माईंबद्दल सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथे आहे. पेट्रोलियमची बचत व्हावी म्हणून केंद्र सरकारनं १९७८ साली पीसीआरए नावाची संस्था काढली. तिची एक पुस्तिका नानांच्या हाती लागली आणि चष्मा लावून ते ती माईंना मोठ्यानं वाचून दाखवायला बसले.

‘डाळी, कडधान्यं शिजवण्याआधी भिजत घालावीत.’

‘रात्रीच घातलीत.’

‘स्वयंपाकाची सगळी तयारी हाताशी घेऊन मगच गॅस पेटवावा.’

‘भाजी चिरतेय ना मी. शेगडी बंद आहे. दिसत नाही?’

‘कुकरमध्ये एका वेळी दोन-तीन पदार्थ लावावेत.’

‘खाली डाळ, वर भात, त्याच्यावर बटाटे.’

‘ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नये.’

‘लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं हेच सांगितलं. तुमच्याच आईनं. चूल होती तेव्हा.’

‘बर्नर नियमित साफ करावेत.’

‘ते तुमचं काम.’

माईंचा तवा शेवटची पोळी उतरायच्या आधीच बंद होतो. उरलेल्या धगीत ती पोळी भाजून निघते, पाठोपाठ खोबऱ्याचा कीस नाहीतर जिरं भाजून होतं. फ्रिजमधलं दूध तापवायच्या आधी तासभर ओट्यावर येऊन बसतं. हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत, लिहून ठेवणं तर दूरच. नाना निवृत्त झाल्यावर सिलिंडर पूर्वीपेक्षा किती दिवस जास्त पुरतो, असं मी त्यांना एकदा हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तेवढाच. आधी वही नव्हती, एवढंच.’

बर्नरचं काम मात्र नाना करतात. दर रविवारी. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी पडू लागली की हवा नीट मिसळत नाही, भोकं बुजलीत म्हणून समजायचं. ओट्यावर जुना पेपर, त्यावर बर्नर, टूथब्रश, टाचणी. एकेक भोक उजेडाकडे धरून तपासलं जातं. कारखान्यात बॉयलरच्या ट्यूबा साफ व्हायच्या त्या तोऱ्यात हे चालतं, आणि वेळही तेवढाच लागतो. बारा वाजतात, शेगडी सुटीच असते, मग मिसळ बाहेरून येते. त्या मिसळीचा गॅस हॉटेलवाल्याचा, म्हणून तो वहीत येत नाही.

बाकीचे प्रयोग आळीपाळीनं चालतात. उकळी आलेलं पातेलं गोधडीत गुंडाळून, साखरेच्या रिकाम्या पोत्यात घालून ठेवलं की आतल्या उष्णतेवर ते शिजत राहतं, ही युक्ती चांगली आहे. मी स्वतः तो भात खाल्ला आहे, मोकळा होतो. पण एका दुपारी जावयाला वामकुक्षीसाठी पांघरूण हवं होतं. त्यांनी हाताला लागली ती गोधडी ओढली आणि संध्याकाळी सगळ्यांना मटकी दाताखाली लागली. पुढे नानांना कोळशाच्या कुकरचा शोध लागला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्व्यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करायची रीत बसवली गेली आणि तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेच्या ‘सराय’ कुकरात १०० ग्रॅमच्या आसपास कांडीकोळशावर घरचं जेवण होतं. ऊस, पाचट आणि वाफ एकाच भांड्यात म्हटल्यावर नाना माहेरी आल्यागत खूश. कुकर खरोखर चालतो. फक्त कोळसा पेटवायला सुरुवातीला नानांनी माईंच्या देवघरातला कापूर वापरला. गॅस वाचला. महिन्याचा कापूर आठवड्यात संपला आणि आरतीला माईंनी काडेपेटीची काडी पेटवून ओवाळलं. कोळसा माळ्यावर गेला.

इंडक्शन शेगडीही आहे. तिच्यात उष्णता थेट भांड्याच्या बुडातच तयार होते, आजूबाजूला फार वाया जात नाही, म्हणून नानांना ती तत्त्वतः पटते. पण महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे वरचा दर लागतो. त्यामुळे नाना रोज मीटर बघतात, आणि आकडा नव्वदीत गेला की इंडक्शनला जुना टॉवेल पांघरला जातो. रीडिंग घेऊन माणूस गेला की टॉवेल निघतो. त्या दिवशी माईंच्या घरी पुऱ्या होतात.

मध्यंतरी माई लेकीकडे नाशिकला गेल्या. आता शेगडी पूर्णपणे नानांच्या ताब्यात. आम्हाला वाटलं, हा माणूस आता काडीच्या जाळावर पंचपक्वान्नं करून दाखवणार. पहिल्या दिवशी साडेबाराला ते सहज आले, दुसऱ्या दिवशीही सहजच आले. तिसऱ्या दिवसापासून बायको त्यांचं ताट विचारल्याशिवाय वाढू लागली. रात्रीचं जेवण खालच्या मजल्यावर, राजमावाल्यांकडे. तिथे ते शिट्ट्यांबद्दल चकार शब्द काढत नसत.

माई परत आल्या त्या संध्याकाळी वही टेबलावर उघडीच होती. त्यांनी बॅगही खाली ठेवली नव्हती. पानभर एकच नोंद: ‘वापर शून्य. बचत १०० टक्के.’ शेऱ्याच्या रकान्यात: ‘कारण शोधणे.’

‘अहो,’ माई म्हणाल्या, ‘म्हणजे गॅस मी खाते तर.’

नाना म्हणाले, ‘आकडे तसं दाखवतात खरं.’

माईंनी बॅग तिथेच ठेवली, आमची बेल वाजवली आणि बायकोला म्हणाल्या, ‘आज आम्ही दोघंही तुझ्याकडेच जेवतो गं. यांचा उच्चांक मोडायला नको.’ नाना पाठोपाठ होतेच. ते थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले, कुकरखालचा मोठा जाळ बारीक केला, स्टूल पुढे ओढून बसले आणि म्हणाले, ‘सूनबाई, तुझी वही कुठाय?’