समाजशास्त्राचा बीए

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कुठल्याही तालुक्याच्या महाविद्यालयात, बीएच्या प्रवेशाच्या रांगेत हा गडी हमखास सापडतो. मराठी झालं, इतिहास झाला, तिसरा विषय कोणता, असं खिडकीतले बाबू विचारतात. हा मागे वळून मित्राकडे पाहतो. मित्र म्हणतो, "समाजशास्त्र घे ना गा. समाजात तं राह्यतोच आपण." एवढ्या भक्कम युक्तिवादावर ऑगस्ट कॉंतच्या शास्त्राला आणखी एक विद्यार्थी मिळतो.

पहाटे तो पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतो, दुपारी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पेंगतो, आणि मधल्या वेळेत पदवीधर होतो. त्याच्या हजेरीला ऋतुमान आहे. जुलै-ऑगस्टात रोवणी. दिवाळीच्या पुढेमागे धानकापणी. मग गावोगावच्या मंडया आणि वडशाच्या नाटक कंपन्यांची रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. उरलेल्या दिवसांत यष्टी आली तर तो कॉलेजला येतो. पूर्वी इथल्या पोरांचं विद्यापीठ नागपूरला होतं, तेव्हा लांबचं कारण सांगता येई. २०११ साली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं आणि ते कारण गेलं. पुढे विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' असा उपक्रमच काढला, म्हणजे आता यष्टीचीही सबब राहते की नाही, याची त्याला धास्ती आहे.

त्याचं दैवत एकच, गाईड. मूळ पुस्तक ग्रंथालयात असतं आणि ग्रंथालय बंद असतं, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. प्रश्न कोणताही येवो, त्याचं उत्तर "मॅकायव्हर आणि पेज यांच्या मते" या मंगलाचरणाने सुरू होतं. समाज म्हणजे सामाजिक संबंधांचं जाळं, हे तो झोपेतही सांगेल. मॅकायव्हर आणि पेज ही दोन वेगळी माणसं आहेत, हे त्याला दुसऱ्या वर्षी कळतं आणि थोडा धक्काही बसतो. दुर्खीमने १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला म्हणताच तो हळहळून विचारतो, "काऊन जी? घरी काही झालं होतं का?"

घुर्ये आणि एल्विन यांचा वाद मात्र त्याच्या आवडीचा, कारण तो मोठ्या गुणांना येतो. घुर्ये म्हणत, आदिवासी हे मागासलेले हिंदू. एल्विन म्हणत, त्यांना त्यांच्या पद्धतीने जगू द्या. आमचा गडी दोघांना सारखी सारखी पानं देतो आणि शेवटी "अशा प्रकारे दोन्ही विचारवंतांचे योगदान महत्त्वाचे आहे" असं लिहून कोणालाच दुखवत नाही. स्वतः गोंड आहे, त्यामुळे निकाल द्यायचा अधिकार खरं तर त्याचाच. पण गाईडमध्ये त्यासाठी जागा सोडलेली नसते.

मग "आदिवासी समाजाची वैशिष्ट्ये लिहा" हा प्रश्न येतो. हा धडाधड लिहितो : दुर्गम भागात वास्तव्य, अल्प साक्षरता, बाह्य जगाशी अत्यल्प संपर्क, तंत्रज्ञानाचा अभाव. बाहेर येताच मोबाइलवर पेपरचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि हैदराबादला कामाला गेलेल्या भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलतो.

बहिर्विवाहाची व्याख्या पाठ करायला त्याला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री शेजारच्या खोलीत मोठी माणसं बहिणीच्या सोयरिकीची बोलणी करत होती. मुलाकडचे किती देवांचे, हे आधी पाहिलं गेलं. तेही सात देवांचे, आपणही सात देवांचे, म्हणजे भाऊबंदच की! चहा पिऊन विषय संपला. "जरा हळू बोला ना, अभ्यास आहे," असं हा आतून ओरडला.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प असतो. प्रश्नावली घेऊन पोरं गावात फिरतात. निदान मोहाच्या झाडाखाली बसून एकमेकांच्या प्रश्नावल्या भरतात. हा प्रामाणिक म्हणून आजीपासून सुरुवात करतो. कुटुंबाचा प्रकार : संयुक्त की विभक्त? आजी विचारात पडते. चुली दोन आहेत. धान एकाच ठिकाणी साठवतात. बैलजोडी सामाईक, बँकेचं खातं वेगळं, भांडण रोज आणि देवाचं सगळं मिळून. हा आधी संयुक्तवर खूण करतो, मग खोडून विभक्तवर करतो, आणि शेवटी "माहीत नाही" असा तिसरा चौकोन स्वतःच्या हाताने काढतो. सरांनी लाल शाईने लिहिलं, "एकच पर्याय निवडावा."

त्याच्या आयुष्यातली खरी खळबळ म्हणजे बाहेरून येणारे अभ्यासक. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये आपला बांबू आपण विकायची मुभा मिळाली. तिथे निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलत राहतात. तेव्हापासून या भागात वही घेऊन येणाऱ्यांची वाट मळलेली आहे. अशाच एक पीएचडीच्या मॅडम याच्या गावी आल्या आणि दुभाषा म्हणून याला सोबत घेतलं. याने तयारीने विचारलं, "मॅडम, समाजाची कोणती व्याख्या घ्यावी जी?" मॅडम म्हणाल्या, "ते राहू दे. तुझी आजी भेटेल का?" याचा पार हिरमोड झाला. एवढ्या शिकलेल्या बाईला व्याख्या येत नाही!

आजी मात्र खुलली. मोहाची झाडं कोणत्या घराची कोणती हे कसं ठरतं, वाद झाला तर गाव कसा मिटवतं, कोणाकडची मुलगी चालते आणि कोणाकडची नाही, हे ती गोंडीत सांगत राहिली, हा मराठी करत राहिला, मॅडम लिहीत राहिल्या. सांगता सांगता याच्या लक्षात आलं की सामाजिक नियंत्रण, बहिर्विवाह, रूढी, असे तीन धडे संपले आणि चौथा सुरू आहे.

जाताना आजीने विचारलं, "या बाईला या कामाचा पगार मिळतो?" मिळतो, असं कळल्यावर ती थोडा वेळ हिशेब करत बसली. मग नातवाला म्हणाली, "ही एक दिवस माझ्याजवळ बसून पगार घेते. तू जन्मापासून बसला आहेस, मग तुझा विषय मागे कसा राहतो?"

मॅडमनी लेखणी सरसावून विचारलं, "काय म्हणाल्या आजी?"

"काही नाही जी," गडी म्हणाला, "जेवून जा म्हणतात."