वादीचा निबंध

३१ वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती : आपली बाजू नीट शब्दांत मांडता आली की समोरचा गप्प बसतो. या समजुतीपायी मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात साडेतीन वर्षं बाकड्यावर काढली.

भानगड पाण्याची. शेजारच्या अण्णांच्या कौलारू पडवीच्या पागोळ्या पूर्वीपासून माझ्या परसात पडायच्या. थोड्याशा, सभ्यपणे. मग अण्णांनी कौलं उतरवून निळा पत्रा चढवला आणि तो हातभर पुढे काढला. पहिल्याच मोठ्या पावसात तुळशीवृंदावनाभोवती तळं झालं आणि मागच्या खोलीतले माझे दिवाळी अंक भिजून पावासारखे फुगले. मी तक्रार केली, तर अण्णा म्हणाले, "मास्तर, पाऊस काय मी पाडतो?"

शहाण्या माणसानं इथे वकील गाठला असता. मी कागद घेतला. साडेचार पानी पत्र लिहून अण्णांना रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवलं. एक प्रत नगरपरिषदेला. त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं : 'गेली बावीस वर्षे, एकही पावसाळा न चुकता, अवघ्या आळीच्या देखत, आपल्या छपराचे पाणी मी मुकाट्याने सोसत आलो आहे.'

"बावीस?" ती म्हणाली. "मागच्या वर्षीपर्यंत तुम्हाला ते पाणी दिसलं तरी होतं का?"

शेवटी वकील गाठला, तो निघाला माझाच विद्यार्थी. दहावीत त्याच्या पावसाळ्यावरच्या निबंधाला मी १० पैकी ४ दिले होते. शेरा : 'फार त्रोटक.' त्यानं पत्र वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, हे पाठवलंत?"

"पोचपावतीसकट," मी अभिमानानं म्हणालो.

मग त्यानं मला १८८२चा ईझमेंटचा कायदा समजावला. दुसऱ्याच्या जागेत पाणी सोडण्यासारखी गोष्ट २० वर्षं शांततेनं, उघडपणे, खंड न पडता, हक्कानं चालू राहिली, तर तो वहिवाटीचा हक्क होऊन बसतो. "तुम्ही बावीस लिहिलंत. 'मुकाट्याने' म्हणजे शांततेनं. 'आळीच्या देखत' म्हणजे उघडपणे. 'एकही पावसाळा न चुकता' म्हणजे अखंड. सर, कलम १५ तुम्ही अण्णांना स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलंत."

खरं तर केस चांगली होती, म्हणाला. जुन्या पागोळ्यांचा हक्क असलाच तरी पत्रा पुढे काढून त्याचं ओझं वाढवता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. "यापुढे जे सुचेल ते फक्त मला सांगा. वकिलाशी बोललेलं वकिलापाशी राहतं, तसा कायदाच आहे. रजिस्टरनं पाठवलेलं राहत नाही."

मी ऐकलं आणि घरी जाऊन दाव्याचा ११ पानी मसुदा लिहिला. तो त्यानं लाल पेनानं तपासला. (लाल पेनाचं दुसरं टोक कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.) उरली तीन पानं : वादी कोण, प्रतिवादी कोण, मिळकतीची चतुःसीमा, दाव्यास कारण कधी घडलं, मागणी काय. "सर, या आषाढधारा कुठल्या परिच्छेदात घालू? चतुःसीमेत?" चतुःसीमेत पूर्वेला 'नगरपरिषदेचे गटार' असंच लिहितात. तिथे उगवत्या सूर्याला जागा नसते.

दाव्याबरोबर तातडीच्या मनाईचा अर्ज लावला. आमच्याकडच्या कोर्टांत त्याला सगळे नुसतं 'निशाणी पाच' म्हणतात. तो मंजूर व्हायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : प्रथमदर्शनी केस, गैरसोयीचं पारडं कुणाकडे झुकतं ते, आणि पैशांनी भरून न येणारं नुकसान. तिसऱ्यासाठी मी दिवाळी अंक पुढे केले. विद्यार्थ्यानं शांतपणे विचारलं, "रद्दीचा भाव काय आहे, सर?"

प्रतिवादीनं कैफियत ३० दिवसांत द्यायची असते, कोर्टानं वाढवून दिली तर ९०. अण्णांनी ती ८८व्या दिवशी दिली. सोबत माझं पत्र होतं, आणि ते वाक्य अधोरेखित केलं होतं. माझं लेखन इतक्या बारकाईनं त्याआधी कुणी वाचलं नव्हतं.

मग तारखा. एका बाजूला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत, असं १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे. ते मी विद्यार्थ्याला दाखवलं, तर त्यानं 'सुविचार छान आहे' अशा चेहऱ्यानं मान हलवली. मी प्रत्येक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून, मनात भाषण घोळवत जायचो. पुकारा व्हायचा, दोन्ही वकील काहीतरी पुटपुटायचे, रोजनाम्यात ओळ पडायची, आणि मी भाषणासकट एसटीत. बाकड्यावर एकानं धीर दिला, की मानपानाचा एक पुणेरी दावा १२०५ साली लागला आणि १९६६ साली, ७६१ वर्षांनी निकाली निघाला, अशी गिनेस बुकात नोंद आहे. त्यामानानं मी अजून बालवाडीत होतो.

जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर आले ते फाल्गुनात. आभाळ निरभ्र. ते पत्र्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे. "बादलीभर पाणी ओतून दाखवू का?" असं विचारून मी शिडी आणायला वळलो, तेव्हा विद्यार्थ्यानं माझा दंड धरला. अहवालात आलं : 'भेटीच्या वेळी पाणी पडताना दिसून आले नाही.' पत्रा मात्र हातभर पुढे आल्याचं त्यांनी टेप लावून लिहिलं. चार शब्दांत. माझ्या ११ पानांत ते माप नव्हतं.

उलटतपासणीआधी विद्यार्थ्यानं मला चार उत्तरं पाठ करायला लावली : हो, नाही, माहीत नाही, आठवत नाही. "यापलीकडे पाचवं वाक्य नको, सर. विचारलं तेवढंच." दहावीच्या पोराला सांगावं तसं तीनदा सांगितलं.

अण्णांच्या वकिलांनी पत्र हातात दिलं. "अक्षर तुमचंच?"

"हो."

"'गेली बावीस वर्षे' हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"भाषा फार सुंदर आहे, सर."

हा प्रश्न नव्हताच. पण ३१ वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. "धन्यवाद," मी म्हणालो, "बावीस हा आकडा मात्र मी लयीसाठी घेतलाय."

स्टेनोचे हात थांबले. न्यायाधीशांनी मान वर केली. "लयीसाठी?" मी मान डोलावली. मग त्यांनी सावकाश सांगितलं : "लिहा. साक्षीदार पुढे म्हणतो की, बावीस हा आकडा त्याने लयीसाठी घेतला."

बाहेर आल्यावर मी मान खाली घालून उभा होतो. विद्यार्थी हसू दाबत म्हणाला, "सर, साडेतीन वर्षांत आपल्या फायद्याचं तुम्ही एवढंच बोललात, तेही चुकून." पत्रातली कबुली आता डळमळली होती, आणि २० वर्षं सिद्ध करायची जबाबदारी अण्णांवर होती. महिन्याभरात अण्णांचा निरोप आला.

शनिवारच्या लोकअदालतीत आम्ही एकाच बाकड्यावर बसलो. अण्णांनी पत्र्याला पन्हळ लावायची, पाणी आपल्या बाजूच्या गटारात सोडायचं, खर्च निम्मा-निम्मा. या निवाड्यावर अपील नसतं आणि कोर्ट फी परत मिळते. तडजोडीचा मजकूर सहा ओळींचा झाला. सातवी मला सुचली होती. विद्यार्थ्यानं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

जूनमध्ये पहिली सर आली. पन्हळीचं पाणी धोधो अण्णांच्या गटारात गेलं, फक्त एका जोडावरून बारीक धार माझ्या परसात पडत होती. अण्णा छत्री घेऊन कुंपणापाशी आले, वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, कधीपासून गळतंय हे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.