पाइपवाले गुरुजी

पर्जन्यछायेतल्या तालुक्यात बागेच्या पाइपवर अधिकारवाणीनं बोलायला छाती लागते. पाथर्डीत अशी छाती असलेला माणूस गल्लीगणिक एक तरी सापडतो. तो बहुधा निवृत्त शिक्षक असतो आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर त्याची बैठक असते. गिऱ्हाइकानं ‘पाइप दाखवा’ म्हणायचा अवकाश, दुकानदाराच्या आधी गुरुजी विचारतात, “कशाला पाहिजे?”

“झाडांना” एवढ्या उत्तरावर सुटका नाही. पाणी नळाचं का बोअरचं? टाकी किती उंचावर? मोटर किती एचपीची? बिचारा आलेला असतो तुळस, जास्वंद आणि एका नारळासाठी. पाच मिनिटांत त्याला वाटू लागतं, शेवगाव-पाथर्डीला जायकवाडीहून पाणी आणणारी योजना आपल्याच गळ्यात पडली आहे.

ज्ञान मात्र अस्सल. अर्धा इंची आणि पाऊण इंची पाइपात पाव इंचाचाच तर फरक, असं कोणी म्हणालं की गुरुजी जुन्या बिलाच्या पाठीवर गणित मांडतात. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं. म्हणजे चारास नऊ, म्हणजे सव्वादोन पट! “सातवीत हेच शिकवलं होतं तुला. तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.” गिऱ्हाइकाचं वय पन्नाशीचं असलं तरी मान खाली जाते.

पारदर्शक पाइप दिसायला देखणा, पण आत ऊन शिरतं आणि शेवाळ धरतं. साधा पाइप उन्हात पडून कडक होतो आणि मग वळवला की चिरतो. मोटरला थेट जोडायचा तर आत दोऱ्याची जाळी असलेलाच घ्यायचा, नाहीतर तो फुगतो आणि नेमका पाहुण्यांच्या अंगावर फुटतो. क्लिप पितळी तोटीवर बसवायची, सुतळी बांधून भागवायचं नाही. आणि एप्रिलमधल्या दुपारी पाइपातलं पहिलं पाणी झाडाला द्यायचं नाही. “गुलाबाला चहा पाजतोस का?”

एकदा एक तरुण मोबाइलवर आठ प्रकारचे फवारे उडवणाऱ्या बंदुकीचा फोटो घेऊन आला. गुरुजींनी विचारलं, “टाकी कुठं?” स्लॅबवर, दहा फुटांवर. “१० मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. तुझे दहा फूट म्हणजे तीन मीटर. एक तृतीयांश किलोवर काय बंदूक चालवणार? अंगठा लाव पाइपच्या तोंडाला. फुकट आहे आणि हरवत नाही.”

खरी परीक्षा लांबीची. गिऱ्हाईक अंगण पावलांनी मोजून आलेलं असतं आणि ठामपणे ३० फूट सांगतं. गुरुजी आवाज खाली आणतात. “तुमचा बोअर कधीपर्यंत चालतो?” मार्चपर्यंत. “मग पाइप तुमच्या नळापासून कशाला मोजता? एप्रिलात ज्याचा बोअर चालतो, त्याच्या दारापासून मोजा. त्याच्याशी बोलणं आहे ना?”

इथं गुरुजींचा दुसरा विषय सुरू होतो. कोणाचा बोअर अक्षय तृतीयेपर्यंत टिकतो, कोणाचा बांधावरून वाद आहे, कोणाच्या घरी लग्नातल्या मानपानावरून अबोला आहे, ही सगळी नोंद त्यांच्या डोक्यात असते. शेजारचा बोअर ३० फुटांवर, पण बोलणं बंद; रस्त्यापलीकडचे चांगले, पण ते १०० फुटांवर. वर रस्ता ओलांडायचा म्हणजे टेम्पोचं चाक सोसणारा जाड पाइप हवा. अबोल्याचे ७० फूट जास्त, तेही जाड! शिवाय लांबी वाढली की घर्षणात दाब जातो तो वेगळाच.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबंही त्यांच्या हिशेबात असतात. दसरा झाला की शेजारचं दार बंद होतं, ते वसंतातच उघडतं. “त्यांच्या तुळशीपर्यंत पोचेल असा दहा फूट जास्त घे. येताना ती माणसं बघतील ना.” या दहा फुटांवर कोणी घासाघीस केली तर गुरुजी त्याला पुन्हा गणित घालतात.

गुरुजींच्या स्वतःच्या घरी सर्वांत महागाचा जाळीचा पाइप खिळ्याला टांगलेला आहे. काकू मात्र भाजी धुतलेलं पाणी बादलीनं कढीपत्त्याला घालतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: बादलीत किती पाणी गेलं ते दिसतं, पाइपात दिसत नाही. या मुद्द्यावर गुरुजींनी अजून बिलाची पाठ वापरलेली नाही.

परवा त्या अबोलेवाल्यानं १०० फुटांचा बंडल खांद्यावर घेतलाच होता. गुरुजींनी तो खाली उतरवायला लावला.

“७० फूट जास्तीचा पाइप परवडतो आणि अर्धा किलो पेढे परवडत नाहीत?”

“पेढे घेऊन आजच जातो, गुरुजी.”

“आज नको. मार्चात गेलास तर पाणी मागायला आलास म्हणतील. ३० फूट घे, कसाबसा हा उन्हाळा काढ. पेढे दिवाळीत न्यायचे. आणि त्या दिवशी बोअरचं नावसुद्धा काढायचं नाही.”