ठासणीचा नवशिका

अमेरिकेत आढळणारा ठासणीच्या बंदुकीचा नवशिका हा बहुधा चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला आणि घरात ज्याचे फारसे कोणी ऐकत नाही असा पुरुष असतो. शेजारच्या गॅरेज सेलमध्ये तो शिडी बघायला जातो आणि बंदूक घेऊन परततो. शिडीची गरज कायम राहते. 'वडिलांची होती, दोनदाच उडवली,' एवढेच विकणारा सांगतो. माहिती खरी असते आणि घात तिच्यातच असतो. दोनदा उडवून न धुता वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेली नळी ही रोज उडवून रोज धुतलेल्या नळीपेक्षा कितीतरी वाईट निघते.

खरेदीला कायद्याची आडकाठी फारशी नसते. १९६८ च्या संघराज्य कायद्यानुसार काळ्या दारूवर चालणारी, तोंडाकडून भरायची बंदूक सहसा 'पुराणवस्तू' ठरते, मग ती गेल्या वर्षी कारखान्यातून निघालेली का असेना. काही राज्ये कडक आहेत. इतरत्र ती घरपोच येते. (कोकणात डुकरांपासून शेत राखणाऱ्याला तसल्याच बंदुकीसाठी परवाना काढावा लागतो आणि निवडणूक आली की ती बहुतेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.)

हाती येणारा नगही जवळपास ठरलेला: थॉम्पसन सेंटर कंपनीची 'हॉकन', ०.५० कॅलिबर, अष्टकोनी नळी, दस्त्यात चकाकणारी पितळी डबी. ही १९७० साली बाजारात आली. १९७२ साली रॉबर्ट रेडफर्डचा 'जेरेमाया जॉन्सन' हा चित्रपट झळकला आणि डोंगरात एकटे राहण्याची हौस शहरात राहणाऱ्यांना लागली. मुळात हॉकन बंधूंनी सेंट लुईसमध्ये बीव्हरचे सापळे लावणाऱ्यांसाठी घडवलेल्या बंदुका याहून लांब, जड आणि लोखंडी सामानाच्या असत. नवशिक्याला हे सांगून उपयोग नसतो. रॉकी पर्वतातला तो दाढीवाला हीच बंदूक घेऊन हिंडत होता याबद्दल त्याच्या मनात शंका नसते, आणि दाढी त्याने आधीच राखायला घेतलेली असते.

घरी आल्यावर पहिले काम बंदूक रिकामी आहे का हे पाहण्याचे. ठासणीची बंदूक उघडून बघता येत नाही. गज तळाला टेकेपर्यंत नळीत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून टोक कुठवर पोचते ते ताडायचे. टोक थेट बार पेटवणाऱ्या टोपीच्या जागेपर्यंत आले तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडे राहिले, तर कोणाच्या तरी वडिलांचा बार अजून आत बसलेला आहे. अशा वेळी बंदूक जाणत्याकडे न्यावी. नवशिका टॉर्च आणतो आणि नळीत डोकावतो, म्हणजे नेमके जे करू नये तेच करतो.

भरण्याचा क्रम सोपा आहे. आधी मोजून घेतलेली दारू, मग चरबीने माखलेली किंवा थुंकीने ओली केलेली चिंधी, तिच्यावर ०.४९० इंची शिशाचा गोळा, तो गजाने थेट दारूवर टेकेपर्यंत ठासायचा, आणि सर्वांत शेवटी टोपी. चिंधीला गादी-उशीच्या खोळीचे घट्ट विणीचे कापड उत्तम, हे वाचल्यापासून घरातल्या उशा उघड्या पडू लागतात. इतके करून नवशिका चुकतो ते पहिल्याच पायरीवर. गप्पांच्या नादात दारू राहते, गोळा मात्र इमानाने तळ गाठतो. घोडा पडतो, टोपी फट् करते, पुढे काही नाही. मैदानावरचे जुने लोक दुसरीकडे बघू लागतात, कारण त्यांतल्या प्रत्येकाने हे केलेले असते. मग गजाला स्क्रू लावून, तो शिशात पिळून, विहिरीतली बादली गळाने काढावी तसा गोळा उपसून काढावा लागतो.

बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. गोळी लागली की नाही हे धूर निवळेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. नवशिक्याच्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा काळ.

खरा छंद यानंतर सुरू होतो. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि दमट हवेत एका रात्रीत नळी गंजू लागते. म्हणून पाचर काढून नळी दस्त्यापासून सुटी करायची, तिचे बूड साबणाच्या गरम पाण्यात बुडवायचे आणि गजाला चिंधी गुंडाळून ती पंपासारखी वरखाली करायची. पाणी आधी काळे, मग राखाडी, मग स्वच्छ. त्यानंतर कोरडे फडके, मग तेलाचे. स्वतःची कपबशी विसळल्याची ज्याच्या नावावर नोंद नाही, तो पाणी स्वच्छ आले म्हणून घरच्यांना हाका मारतो. घरचे येतात, पाणी बघतात, आणि शेजारीच सिंकमध्ये पडलेल्या सकाळच्या तव्याकडेही बघतात.

वर्षभरात तो १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-बंदूक संघटनेचा सभासद होतो, इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी तिच्या स्पर्धा बघायला जातो आणि हरणाच्या कातड्याचा झालरदार सदरा घेऊन येतो. बंदुकीहून सदरा महाग पडतो. तिथेच त्याला कळते की टोपीची बंदूक म्हणजे अगदीच आधुनिक प्रकार. जातिवंत माणूस चकमकीची वापरतो. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर चकमकवाल्यांचा हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगामच असतो. भर थंडीत, ओल धरलेली रंजकदारू पेटली तर पेटली.

परतीच्या वाटेवर तो एक जुनी चकमकीची बंदूक घेतो. ती ०.४५ कॅलिबरची आहे आणि घरातल्या शेकडो गोळ्यांपैकी एकही तिच्या तोंडात शिरत नाही, हे घरी पोचल्यावर कळते.