जामिनाची समता

समता प्रत्यक्षात पाहायची असेल, तर जामिनाचा हुकूम वाचावा. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा सक्षम जामीनदार. बंगलेवाल्याला तेवढेच, बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही तेवढेच. एका पैशाचा पक्षपात नाही. शिवाय जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, पगाराचा नाहीतर ऐपतीचा दाखला. ज्याच्या सगळ्या गणगोतात मिळून एक सातबारा नाही, त्यालाही ही मागणी सारख्याच आदराने केली जाते.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात सुचवले होते, की समाजाचे नियम अज्ञानाच्या पडद्याआड बसून ठरवावेत. आपण श्रीमंताघरी जन्मणार की गरिबाघरी, हेच ठाऊक नसेल, तर माणूस सगळ्यांत खाली असणाऱ्याचा विचार आधी करील. रॉल्स यांनी हे कल्पनेतच ठेवले. आपण ते अमलात आणले, तेही सुधारून. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांवरचा पडदा काढून आपण तो आरोपीच्या खिशावर घातला. त्या खिशात काय आहे, हे न्यायाने पाहू नये, इतका हा निःस्पृहपणा!

तो सर्वांनाच उमगतो असे नाही. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला जामीन मंजूर झाला आणि खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ पुढे आला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून तो चालला नाही. रक्ताचे नाते जिल्ह्याची हद्द ओलांडत असेल, हमीने का ओलांडावी? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी मात्र या काटेकोरपणाची कदर केली नाही. त्यांनी रक्कम हजारावर आणली आणि गवंड्याला त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतले असे लोक न्यायालयापुढे आले, ज्यांनी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ खटल्याविनाच आत काढला होता. शिक्षा आधीच पुरी झाली, की निकालाची घाई उरत नाही, ही सोयही दुर्लक्षून चालणार नाही.

परंपरा टिकून आहे. २०२२च्या अखेरीस देशात सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, या तत्त्वाला आपण इतकी प्रशस्त जागा दिली आहे.

आता एक गैरसोयीची गोष्ट. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपीला निर्धन मानून जामीनदाराविना, स्वतःच्या मुचलक्यावर सोडावे, असे कायदा २००५च्या दुरुस्तीपासून सांगतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कैद्याला वकील फुकट देते. तुमच्या माहितीतले कोणी आत असेल, तर या दोन गोष्टी त्याच्या घरच्यांना आजच सांगा.