जर्मन देशीच्या दिवंगत वनरक्षकांस अनावृत पत्र

अठराव्या शतकातील जर्मन वनरक्षक व शिकारखात्याचे समस्त अंमलदार यांस,

सादर नमस्कार विनंती विशेष.

आपण आज हयात नाही, ही गोष्ट या पत्राच्या आड येण्याचे कारण नाही; कारण ज्यांच्याविरुद्ध फिर्याद करावयाची ते निजधामास गेले असले, तरी त्यांच्या कृत्याचे परिणाम जोवर आमच्या दिवाणखान्यात चार पायांवर हिंडत आहेत (त्या अवयवांना पाय म्हणता येते असे गृहीत धरून), तोवर फिर्यादीस कारण शिल्लक आहे, हे कोणताही मुन्सफ मान्य करील. आम्ही पुण्याचे राहणारे, मुक्काम कोथरूड, मजला तिसरा. आमच्या पदरी डॅशहुंड जातीची दोन कुत्री आहेत: काळ्या-तांबूस अंगाचा सुभेदार आणि तांबड्या अंगाची भिंगरी. 'आमच्या पदरी' हे केवळ लिहिण्याच्या रूढीस अनुसरून. कोण कोणाच्या पदरी आहे याचा निकाल आमच्या घरात फार पूर्वी लागलेला असून त्यावर अपील चालत नाही.

आपला मूळ हेतू काय होता हे आम्ही जाणून आहो. आपल्या अरण्यांत बॅजर नावाचे एक जनावर जमिनीखाली लांबलचक बिळे पोखरून राहते. ते अंगाने जाडजूड, नखांनी बळकट, स्वभावाने हट्टी, आणि आगाऊ न कळविता आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत आम्हां पुणेकरांहूनही अनुदार असते. त्याच्या बिळात एकट्याने शिरून, काळोखात, समोरासमोर त्याला अडवून धरील किंवा बाहेर हुसकून लावील असा एक नोकर आपणांस हवा होता, आणि पिढ्यान् पिढ्या निवड करीत करीत आपण तो घडविला. बिळात मावावा म्हणून त्याचे पाय आखूड केले, दम पुरावा म्हणून छाती खोल ठेवली, पुढच्या पंजांत माती उपसण्याचे बळ घातले, आणि त्या एवढ्याशा देहात असा एक खर्जातला आवाज बसविला, की हा जमिनीखाली भुंकू लागला म्हणजे वर कुदळ घेऊन तिष्ठत असलेल्या धन्यास कोठे खणावयाचे ते बरोबर कळावे. आपल्या देशात आजही याची प्रतवारी उंचीवरून होत नाही, छातीच्या घेरावरून होते, आणि त्या मापाने साधा, ठेंगू व सशाच्या बिळात जाणारा अशा तीन प्रती ठरतात, हे वाचून तर आमचा आपल्याविषयीचा आदर दुणावला; कारण उमेदवाराचे रूप, कुळ व शील यांपैकी काहीही न पाहता तो कोणत्या भोकात मावेल एवढेच पाहणारे खाते आम्ही आमच्या हयातीत दुसरे पाहिलेले नाही. आम्हीही शिंप्याकडची टेप आणून सुभेदाराचे माप घेतले. दिवाळीचे दिवस होते. निघालेला घेर आपल्या कोणत्याही बिळास मानवण्याजोगा नव्हता.

आता मूळ मुद्दा असा, की कोथरुडात बॅजर नाही. बीळही नाही, सर्वत्र फरशी आहे. कामच शिल्लक नाही म्हटल्यावर कोणताही समजूतदार सरकारी नोकर खुर्चीवर कोट अडकवून चहास जाईल. परंतु आपण या जातीच्या रक्तात जी कर्तव्यनिष्ठा कालवून ठेवली आहे ती असली सवलत घेऊ देत नाही. आमच्या घरात कैलासवासी आजींच्या जुन्या लुगड्यांची, त्यांनी स्वहस्ते धावदोरा घालून शिवलेली एक गोधडी आहे. रात्रीची जेवणे उरकली की सुभेदार पलंगावर येतो, गोधडीचा कोपरा नाकाने किंचित उचलतो, आतल्या काळोखाचा एक दीर्घ श्वास घेतो, आणि मग मस्तक, मान, छाती, पाठ, पुन्हा पाठ, असा क्रमशः आत प्रविष्ट होतो. हा प्रवेश इतका दीर्घकाळ चालतो की शेपटी अद्याप बाहेर असताना नाक पलीकडच्या काठाशी पोचलेले असते. आत गेल्यावर उत्खनन सुरू होते. दोन्ही पंजे आळीपाळीने चालतात, आजींचे टाके एकामागून एक तटतट तुटतात, मध्येच सर्व काही थांबते, कारण कानोसा घेणे चालू असते, आणि मग पुन्हा दुप्पट जोमाने खणती. बॅजर मिळत नाही. तो कालही मिळाला नव्हता, आणि उद्याही मिळण्याचा संभव दिसत नाही. तथापि यामुळे कामात तिळमात्र ढिलाई नाही. गेल्या चातुर्मासात आमच्याकडे आलेले एक वयोवृद्ध मामा, पलंगावर गोधडी नुसतीच गोळा होऊन पडली आहे अशा समजुतीने तिच्यावर बसले, तेव्हा गोधडीने गुरगुरून आपली हरकत नोंदविली. तेव्हापासून आमचे सर्व आप्त बसण्यापूर्वी प्रत्येक उशी, लोड व तक्क्या हाताने चाचपून पाहतात, आणि काहीजण उभ्या उभ्याच चहा घेऊन जातात.

आवाजाविषयी आमची तक्रार स्वतंत्र नोंदवून घ्यावी. सहा हात मातीतून वर ऐकू जावा म्हणून योजलेला तो ध्वनी मध्ये केवळ एक दार असताना काय करीत असेल याची कल्पना आपणांस नसावी. कुरिअर घेऊन आलेल्या एका मुलाने बाहेरूनच 'आल्सेशियन बांधलाय ना?' असे विचारले, आणि दार उघडल्यावर त्याची दृष्टी प्रथम आमच्या कमरेच्या उंचीवर गेली, तेथून गुडघ्यांवर आली, आणि सरतेशेवटी चपलांच्या रांगेत येऊन स्थिरावली. त्याला हसू आले. ते हसू त्याला त्याच्या विजारीच्या काठासह महागात पडले. आमच्या विभागाच्या पोस्टमनने तर जिन्याची पायरीच सोडली असून आमचे टपाल खाली वॉचमनच्या हवाली करण्याची वहिवाट पाडली आहे.

आणखी एक गोष्ट आपण केली, आणि ती आमच्या मते सर्वांत दूरगामी. जमिनीखाली धन्याचा हुकूम पोचत नाही, हे ओळखून आपण या प्राण्यास स्वतःच्या अकलेने निर्णय करण्याची संपूर्ण मुखत्यारी दिली. मुखत्यारनामा रद्द करण्याची तरतूद मात्र कोठेच करून ठेवली नाही. इतर जातींची कुत्री 'ये' म्हटले की येतात. सुभेदारास 'ये' म्हटले की तो मान वळवून आमच्याकडे पाहतो, आणि त्याच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येते की अर्ज दाखल झालेला आहे, तो विचाराधीन आहे, आणि निर्णय यथावकाश कळविण्यात येईल. अर्जासोबत भाकरीचा तुकडा जोडल्यास प्रकरण त्याच दिवशी निकालात निघते. भिंगरीची बुद्धी याहून सूक्ष्म आहे. सकाळी गॅलरीतून उन्हाचा एक चौकोन आत येऊन फरशीवरून हळूहळू सरकत जातो, आणि त्यावर ज्येष्ठतेच्या हक्काने सुभेदार पसरलेला असतो. भिंगरी क्षणभर त्याच्याकडे पाहत उभी राहते. भांडत नाही, विनवीत नाही. एकाएकी दाराकडे धावत जाऊन ती, जणू सारे शहर लुटारूंच्या हाती पडले आहे अशा आवेशाने, भुंकू लागते. सुभेदार स्वकर्तव्यास जागून गर्जना करीत दाराशी पोचतो. आणि तेथे चिटपाखरूही नाही अशी त्याची खात्री पटून तो परत येईतो ऊन भिंगरीच्या ताब्यात गेलेले असते. हा डाव ती नित्य खेळते आणि तो नित्य फसतो. कारण दाराशी खरोखरच कोणी आले असेल तर काय, ही शंका त्याच्या कर्तव्यबुद्धीस सोसवत नाही.

पर्जन्यकाळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो विषय आमच्या कुटुंबाने घरात काढण्यास मनाई केली आहे. ज्याच्या पूर्वजांनी आपल्या देशाच्या चिखलात हयात घालविली, तो आषाढातल्या भुरभुर पावसात उंबरठा ओलांडीत नाही. छत्री त्याच्यावर धरावी लागते, आणि पाऊस आम्ही घेतो. तरीही पोटाखाली दोन बोटे अंतरावर असलेल्या डबक्यास छत्रीचा उपाय नसल्याने तो एक पंजा वर उचलून आमच्याकडे अशा नजरेने पाहतो की आम्हीच मान खाली घालून परत फिरावे. जे कार्य बाहेर व्हावयाचे ते मग पायपुसण्यावर संपन्न होते.

आपल्या पदरचे शिक्षण फुकट गेले काय, याची परीक्षा पाहण्याचा एक प्रसंग आला होता, तोही सांगतो. सोसायटीच्या बागेत गटाराची जाळी सारून एक भली दांडगी घूस दिवसाढवळ्या बाहेर आली. भूमिगत, खणणारी, दातांनी समर्थ. याहून बॅजराच्या जवळचे पुण्यात काय मिळणार? आम्ही साखळी सैल सोडली. सुभेदाराने तिच्याकडे पाहिले, तिने सुभेदाराकडे पाहिले, आणि हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे असे उभयपक्षी ठरून तो आमच्या पायांमागे येऊन बसला. घरी गेल्यावर त्याने गोधडी मात्र नेहमीपेक्षा अधिक वेळ खणली.

आपल्या या सेवकाने पुढे जगात केवढी कारकीर्द केली हे आपणांस कळले नसेल. व्हिक्टोरिया राणीच्या महालात तो वावरला. कैसर दुसरा विल्हेल्म याच्या दोन डॅशहुंडांनी आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडच्या वाड्यावर पाहुणे म्हणून जाऊन यजमानाचा मोलाचा सोनेरी फेझंट पक्षी मारला असे सांगतात. पहिले महायुद्ध पेटल्यावर इंग्लंडात या जातीकडे शत्रूची प्रजा म्हणून पाहिले जाऊ लागले. स्वतःच्या गावच्या हमरस्त्यावर एका डॅशहुंडास लोकांनी दगड मारल्याची आठवण कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन याने आत्मचरित्रात नमूद केली आहे. पुढे १९७२ साली म्यूनिकच्या ऑलिंपिकचे शुभचिन्ह म्हणून रंगीबेरंगी पट्ट्यांचा 'वाल्डी' नावाचा डॅशहुंड निवडण्यात आला, आणि मॅरेथॉनचा मार्गही नकाशावर त्याची आकृती उमटावी असा आखला गेला. म्हणजे जगातले निवडक धावपटू एका डॅशहुंडाची पाठ धावून काढीत होते, आणि ते अंतर किती असते हे आमच्या पलंगावर झोपणारास सांगावयास नको. तत्पूर्वी, १९५७ साली, डेव्हिड डग्लस डंकन या छायाचित्रकारासोबत पिकासोच्या फ्रान्समधील कान शहरातल्या घरी गेलेला लुम्प नावाचा डॅशहुंड तेथे इतका रमला की तेथेच राहिला. वेलाझ्क्वेझच्या 'लास मेनिनास' या चित्रावरून पिकासोने जी मालिका रंगविली, तीत मूळच्या धिप्पाड कुत्र्याच्या जागी हा बुटका येऊन बसला आहे. मात्र काही वर्षांनी त्याच लुम्पची पाठ गेली, मागचे पाय लुळे पडले, आणि डंकनने त्याला उपचारासाठी परत नेले.

महाशय, येथे आमचा विनोद थोडा बाजूस ठेवतो. एके सकाळी सुभेदार गोधडीतून बाहेर आला तेव्हा त्याचे पुढचे अर्धे अंग निघाले आणि मागचे अर्धे त्याच्याबरोबर येईना. ओरडला नाही. मागे वळून आपल्याच पायांकडे, ते कोणा परक्याचे असावेत तसे पाहत राहिला. डॉक्टरांनी औषध दिले, पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती फर्माविली, उड्या कायमच्या बंद केल्या, वजन उतरविण्यास सांगितले; आणि हळूहळू तो सावरला. अनेक सावरत नाहीत. मणक्यांमधील गाद्या अकाली कठीण होऊन सरकण्याचा हा विकार या जातीत पाचांतील एकास तरी आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो. २००९ साली संशोधकांनी दाखवून दिले की याचे पाय आखूड होण्याचे कारण एका जनुकाची जादा नक्कल हे आहे, दप्तरात एकच कागद चुकून दोनदा लागावा तशी. आणि २०१७ साली असे आढळले की त्याच जनुकाची आणखी एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी लागलेली असून मणक्यांच्या दुखण्याचे मूळ तिच्यात आहे. आपण दप्तर तपासले नाही. आपणांस बिळात मावणारा नोकर हवा होता, तो मिळाला. त्याच्या पाठीवर काय नोंदले गेले ते वाचण्याची विद्या आपल्या काळी नव्हती हे खरे, पण पाय ओढीत चालणारा एखादा आपल्याही डोळ्यांसमोरून गेलाच असेल. २०२४ साली आपल्याच देशात प्राणिसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा निघाला, आणि सांगाड्यातील दोषांसह पैदास करण्यास मनाई झाली तर डाकल, म्हणजे आमचा डॅशहुंडच, उरणार कोठे, असा आक्रोश श्वानप्रेमी संस्थांनी केला. जाती बंद करण्याचा इरादा नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. आमच्या मते मसुद्यास उत्तर आक्रोश हे नव्हे. पाय चार बोटे वाढले आणि पाठ दोन बोटे घटली तर जाईल ती आपली प्रतवारी, सुभेदाराचे काहीही जाणार नाही.

नुकसानभरपाईचा तपशील असा: गोधडी एक, कुरिअरवाल्या मुलाची विजार एक, मोगऱ्याच्या कुंड्या, मुळांसकट उपसलेल्या, औषधोपचाराचा खर्च, आणि पलंगावर उडी न मारता चढता यावे म्हणून सुताराकडून करून घेतलेली लाकडी उतरण. हा दावा आपल्या वारसांवर लावण्याचा आमचा विचार होता. परंतु स्नेही वकिलांनी मुदत केव्हाच उलटल्याचे सांगून, उलट, १२ वर्षे उघड व अखंड कबजा राहिल्यास स्थावर मिळकतीवरचा मूळ मालकाचा हक्क जातो हे आमच्या लक्षात आणून दिले, आणि पलंगाच्या डाव्या बाजूकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. पलंग स्थावर नाही असे आम्ही म्हणून पाहिले. सुभेदार त्यावर असताना तो हलविता येतो काय, असे त्यांनी विचारले.

उत्तर देण्याची इच्छा झाल्यास ते टपालाने पाठवू नये. पोस्टमन वर येत नाही, आणि वॉचमनने दाराखालून सरकविलेला लिफाफा आमच्या आधी जे दोघे उघडतात त्यांच्या वाचनाची पद्धत निराळी आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक छत्रीधारक

ता. क. — उतरण मजबूत झाली असून तिचा उपयोग सध्या शेजारची मांजर करते. सुभेदारास आम्ही उचलून ठेवतो.